टाचेवरचा डाग

सासूबाईंचा जन्म शेतात गेला, तोही अनवाणी. टाचेवरचा काळा डाग पसरू लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "काटा मोडला असंल गं." नणंदेने मात्र फोनवरच कॅन्सर ठरवून टाकला. मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं.

डॉक्टरांनी डर्मोस्कोप, म्हणजे दिवा असलेलं भिंग, टाचेवर टेकवलं. ते काय बघतात, तेही सांगितलं: डागाच्या दोन बाजू सारख्या आहेत का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, एकाच डागात काळा, तपकिरी, निळसर असे रंग मिसळलेत का, रुंदी ६ मिलिमीटरहून जास्त आहे का आणि मुख्य म्हणजे तो बदलतोय का. रक्त येणं किंवा चिघळणं हेही दाखवण्याजोगंच.

भीती होती ती मेलानोमाची. हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. गोऱ्या लोकांत त्याचं मोठं कारण ऊन. आपल्याकडे तो कमी आढळतो. पण झालाच तर बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, जिथे कुणी बघत नाही. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याला १९७७ मध्ये तो निघाला. १९८१ मध्ये, ३६व्या वर्षी मार्ली गेला.

सासूबाईंच्या बायोप्सीत कॅन्सर निघाला नाही. बहुतेक तीळ निरुपद्रवीच असतात. तरी आता पाय धुताना आम्ही तळवेही बघतो, डागाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढतो. बदलणारा तीळ चुना लावून किंवा पार्लरमध्ये जाळून घेऊ नये. मग तपासायला काही उरतच नाही.