वाळू वाजते तिथलं रान

पाऊल टाकलं की 'कुईं', दुसरं टाकलं की पुन्हा 'कुईं'. आधी वाटलं चप्पल ओली झाली असेल. ती हातात घेतली, तरी आवाज होताच. हायम्स बीचची वाळू खरोखर वाजते!

सिडनीच्या दक्षिणेला, गाडीने तीनेक तासांवर जर्व्हिस बे नावाचा उपसागर आहे. त्याच्या काठावरच्या हस्किसन या छोट्या गावात लोक सुट्टीला येतात, डॉल्फिन बघतात, सप्टेंबर ते नोव्हेंबरात पिल्लांसह दक्षिणेकडे परतणारे हंपबॅक देवमासे बघतात. हायम्स बीच तिथून जवळच. वाळू इतकी पांढरी की दुपारी डोळे उघडे ठेवणं कठीण. चिमूटभर तळहातावर घेतली तर बारीक साखरच वाटावी. हे जवळजवळ निव्वळ गारगोटीचे कण, पाण्याने घासून घासून गोलसर आणि एका मापाचे झालेले. कोरडे कण एकमेकांवर घसरतात, त्याचा हा आवाज. त्यात धूळ मिसळली की वाळू मुकी होते.

मी मात्र खरी थक्क झाले ती किनाऱ्यामागच्या रानवाटेवर. तिथेही पायाखाली वाळूच आणि तरी दोन्ही बाजूंना दाट, पाखरांनी गजबजलेलं रान! गारगोटीत झाडाला खायला काही नसतं. फॉस्फरस तर नावालाच, आणि जो असतो तोही पावसाबरोबर खाली झिरपून जातो. मग हे रान जगतं कशावर?

उत्तर बँक्सिया या झाडाजवळ थांबल्यावर कळतं. (1770 मध्ये दर्यावर्दी कुकच्या जहाजातून आलेल्या जोसेफ बँक्सचं नाव त्याला मिळालं.) या झाडाच्या मुळांना बारीक केसांचे दाट झुपके फुटतात. ते आम्ल सोडून मातीला चिकटलेला फॉस्फरस कणाकणाने सोडवून घेतात. साखरेचं तसं नाही. ती ऊन, हवा आणि पाण्यातून होते, आणि या तिन्हींची इथे ददात नाही. म्हणून बँक्सिया मधाच्या बाबतीत उदार असते. बाटली धुण्याच्या ब्रशासारख्या तिच्या फुलोऱ्यावर दिवसा मधखाऊ पक्षी भांडतात, रात्री शुगर ग्लायडर नावाचे छोटे प्राणी येतात. वाळू दरिद्री, म्हणूनच रानात मधाचा सुकाळ! हे लक्षात आलं आणि मी तिथेच वाटेवर बसले.

शेजारचं बूडेरी राष्ट्रीय उद्यान 1995 पासून रेक बे इथल्या आदिवासी समाजाच्या मालकीचं आहे. त्याचं बोधचिन्ह असलेला पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड आपल्या कोकण किनाऱ्यावरही घरटं करतो. तोच पक्षी, तीच जात. बूडेरीतला मला सर्वांत आवडलेला जीव मात्र त्याच्यासारखा रुबाबदार नाही. ब्रिसलबर्ड हा तपकिरी, लाजरा पक्षी उडण्यापेक्षा झुडपांतून पळणंच पसंत करतो. ऑस्ट्रेलियात तो फार थोड्या ठिकाणी उरलाय. 2003 च्या वणव्यात उद्यानाचा मोठा भाग जळाला, तरी इथले ब्रिसलबर्ड टिकले. परक्या कोल्ह्यांना आवरलं होतं, त्याचा मोठा हातभार लागला.

वणवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राख येते. बँक्सियाच्या काही जातींना मात्र त्याचीच वाट बघायची असते. बी घडवायला तो महागडा फॉस्फरस लागतो, तेव्हा बी वाया घालवून चालत नाही. खरखरीत बोंडाला जाड लाकडी ओठ असतात, राळेने घट्ट मिटलेले. नखाने उघडू पाहिलं, हलले नाहीत. ते वर्षानुवर्षं तसेच राहतात. आगीच्या धगीने राळ वितळते, ओठ फाकतात. तरीही बी लगेच पडत नाही. दोन बियांमधली लाकडी चकती तिला धरून ठेवते. पाऊस येतो, चकतीचे पंख भिजून जवळ येतात, उन्हात वाळून पुन्हा फाकतात. असं भिजत-वाळत ती बीला थोडं थोडं बाहेर ढकलते, आणि बी पडते तेव्हा खालची राख ओली झालेली असते.