दाखला एक, उघडतो दोन ठिकाणी

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत राहिलेल्या माणसाला सांधा म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. जळगावहून एक मार्ग सुरतेला जातो, दुसरा मुंबईला. सांधा जिकडे लावला, तिकडेच गाडी वळते. घरातल्या संगणकातही असाच सांधा असतो. कोणती फाईल कोणत्या प्रोग्राममध्ये उघडायची, हे तो ठरवतो.

जुन्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली फुकट बसवता येते. सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' ही त्यातलीच. लिनक्सवर कामाचे पडदे अनेक मिळतात. केडीईचे काम १९९६ साली सुरू झाले, ग्नोमचे १९९७ साली. दोन्ही एकाच संगणकात नांदू शकतात. थोरला एक वापरतो, धाकटी दुसरा. घोटाळा होतो तो इथेच. जातीच्या दाखल्याची पीडीएफ एका पडद्यावर साध्या वाचकात उघडते, तर दुसऱ्यावर चित्रे काढण्याच्या प्रोग्राममध्ये. तिथे अक्षरे सरकू शकतात. डिजिटल सहीचा दाखला तिथे बदलून पुन्हा साठवला, तर ती सही ग्राह्य राहत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरताना हे परवडणारे नाही.

यावर तोड निघालेली आहे. सगळ्या पडद्यांनी वाचावी अशी एक सामाईक यादी ठरली आहे. तिचे नाव 'माइमॲप्स'. ती प्रत्येकाच्या खात्यात 'कॉन्फिग' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असते. मात्र एखाद्या पडद्याच्या नावाची वेगळी यादी तिथे असेल, तर तो पडदा आधी तीच पाहतो. म्हणून निवड सामाईक यादीत करावी आणि वेगळ्या यादीत उलटी नोंद असेल तर ती काढावी.

यादीला हात लावायचा नसेल तर सोपी रीत आहे. पीडीएफवर उजवी कळ दाबावी, 'ओपन विथ'मध्ये वाचक निवडावा व तोच कायमचा ठरवावा. मग दुसऱ्या पडद्यावर जाऊन एक पीडीएफ, एक फोटो व एक वेबपत्ता उघडून पाहावा. प्रत्येकाचे खाते वेगळे असेल, तर हे प्रत्येक खात्यात करावे लागते.

पालकहो, अर्जाच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. येत्या रविवारी मुलांना जवळ बसवा आणि हा सांधा एकदा नीट लावून घ्या.