रुबाब उतरला की प्रेम सुरू होतं

चिनी मालिका म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना आठवतात ते रेशमी झगे, तलवारी आणि राजवाड्यातली कारस्थानं. अलीकडे त्यांच्या प्रेमकथाही आवडीने पाहिल्या जातात. मला मात्र या मालिकांचा जीव त्यांच्या विनोदात आहे असं वाटतं. हा विनोद प्रेमकथेवर वरून भुरभुरवलेला नसतो, तर प्रेमाला वाट करून देण्याचं काम तोच करतो. १९९२ ते २०२२ या तीस वर्षांतल्या मोजक्या मालिका ओळीने पाहिल्या की एक धागा स्पष्ट हाती लागतो: आधी कुणाचा तरी रुबाब उतरतो, आणि मगच दोन माणसं एकमेकांना खरी दिसू लागतात.

सुरुवात मात्र अश्रूंनी झाली. १९९० साली बीजिंगच्या दूरचित्रवाणी कला केंद्राने 'ख-वांग' ही ५० भागांची कौटुंबिक मालिका आणली. सगळं निमूटपणे सोसणाऱ्या नायिकेसाठी देशभरातले प्रेक्षक रडले. पुढे त्याच केंद्राने एका मासिकाच्या कचेरीत घडणारी २५ भागांची मालिका केली. तिच्या नावाचा अर्थ 'संपादकीय विभागातल्या गोष्टी'. १९९२ मध्ये ती घरोघरी पोहोचली. वांग श्वो आणि फंग श्याओगांग हे तिच्या लेखकांतले दोघे. ग यो या नटाने साकारलेला ली दोंगबाओ हा जिभेला हाड नसलेला संपादक, तर ल्यू लीपिंगची ग लिंग ही त्याची सहकारी. दोंगबाओ तिच्यामागे असतो, पण सरळ काही बोलत नाही. तो मोठमोठ्या शब्दांत बोलत सुटतो आणि ती एका वाक्यात त्याची हवा काढते.

या जुगलबंदीचं मूळ श्यांगशंग या उत्तर चीनमधल्या लोककलेत आहे. दोघे उभे राहतात. एक जण पतंग उडवत राहतो, दुसरा हुंकार देत, खोचक शंका काढत त्याला जमिनीवर आणतो. तमाशातली बतावणी पाहिलेल्या माणसाला ही रीत लगेच ओळखीची वाटेल. चिनी मालिकांतली प्रेमी जोडपी पुढे वर्षानुवर्षं याच लयीत बोलत आली.

१९९८ मध्ये 'ह्वानझू गग', म्हणजेच 'माय फेअर प्रिन्सेस', आली. तैवानच्या लोकप्रिय कादंबरीकार छ्युंग याओ यांची कथा, हुनान प्रांताच्या वाहिनीचा हात आणि झाओ वेई ही त्या वेळची नवखी अभिनेत्री. रस्त्यावर कसरती करून पोट भरणारी, लिहिण्यावाचण्याचा गंध नसलेली एक अनाथ मुलगी गैरसमजाने छ्यानलोंग सम्राटाची मुलगी ठरते. तिचं नाव श्याओ यानझ, म्हणजे छोटी पाकोळी. पाचवा राजपुत्र योंगछी तिच्या प्रेमात पडतो, पण त्याआधी शिकारीत त्याचाच बाण तिला लागलेला असतो.

राजवाड्यात दिवसभर याच्यापुढे गुडघे टेका, त्याच्यापुढे टेका. गुडघे सोलवटून निघतात. मग ही पोरगी काय करते, तर कापूस भरून गुडघ्यांना बांधायच्या गाद्या शिवते, त्यांना मजेदार नाव देते आणि मैत्रिणींनाही बांधायला लावते. प्रसंग हसवून सोडतो. पण शतकानुशतकं माणसांना वाकवणाऱ्या रिवाजाला एका निरक्षर मुलीने कापसाने उत्तर दिलेलं असतं. योंगछीला तिच्यात काय दिसलं, हे त्यानंतर कुणी समजावून सांगावं लागत नाही. ज्या घरात प्रत्येक शब्द तोलून बोलला जातो, तिथे मनात येईल ते बोलणारं ते एकच माणूस असतं.

माझ्या मते या परंपरेतली सर्वांत मोठी कलाकृती २००६ ची 'वूलिन वायझ्वान', म्हणजे 'माय ओन स्वोर्ड्समन'. चीनच्या सरकारी वाहिनीवर दाखवलेली ही ८० भागांची मालिका निंग त्सायशन यांनी लिहिली आणि शांग जिंग यांनी दिग्दर्शित केली. काळ मिंग राजवटीचा, जागा एका आडगावातली खाणावळवजा धर्मशाळा. शीर्षकाच्या दृश्यात मात्र संगणकाचा पडदा. तलवारबाजीच्या कथांनी शूरवीरांभोवती उभी केलेली सगळी भव्यता इथे भांडी घासायला, हिशेब लिहायला आणि पगार कापून घ्यायला बसवली आहे.

धर्मशाळेची मालकीण थोंग श्यांगयू. लग्नासाठी निघाली आणि नवऱ्याचं तोंड पाहण्याआधीच विधवा झाली. पदरी आली ती छोटी नणंद, आणि तिला ती पोटच्या पोरीसारखी वाढवते. यान नीने ही बाई शान्शी प्रांताच्या ठसकेबाज बोलीत उभी केली आहे: चिक्कू, प्रेमळ, लाजरी आणि प्रसंगी कजाग. तिच्याकडे वेटरचं काम करतो बाय झानथांग. एकेकाळी चोरांचा बादशहा म्हणून गाजलेला, पण दारात शिपाई दिसला की घाबरगुंडी उडणारा. त्याच्याकडे एक विद्या आहे: दोन बोटं टोचली की समोरचा माणूस जागच्या जागी गोठतो. अख्ख्या गावाला गोठवू शकणारा हा गडी मालकिणीला मनातलं सांगायची वेळ आली की स्वतःच गोठतो. त्यांचं प्रेम ८० भाग चालतं ते झाडूपोछा, उधारी आणि रुसवेफुगवे यांच्यातून.

दुसरी जोडी ग्वो फूरोंग आणि ल्यू पंडिताची. ती नामांकित योद्ध्याची मुलगी. अन्यायाविरुद्ध लढायला घराबाहेर पडते, पण पहिल्याच झटक्यात धर्मशाळेची नासधूस करते आणि भरपाईपोटी तिथेच मोलकरीण होते. तो परीक्षांत नापास होत राहिलेला, जुनी वचनं फेकणारा किडकिडीत कारकून. एकदा एक नामचीन मारेकरी धर्मशाळेत शिरतो. शस्त्र कुणाचंच चालत नाही. तेव्हा हा पंडित पुढे होतो आणि 'मी म्हणजे नेमका कोण' या प्रश्नात त्या मारेकऱ्याला असा गुरफटवतो की त्याच्या डोक्याचा भुगा होतो आणि तो स्वतःच्याच हाताने संपतो. हसून पोट दुखतं, पण त्याच क्षणी फूरोंगच्या डोळ्यांत पंडिताची उंची बदललेली दिसते. बाहुबळाचा रुबाब उतरला आणि धांदरट, भित्रा माणूस प्रेमाला पात्र ठरला. एका विनोदी प्रसंगातून एवढं मोठं काम करून घेणं फार थोड्या लेखकांना साधतं.

पुढच्या दशकात वारं फिरलं. २०११ ची 'स्कार्लेट हार्ट', २०१७ ची 'इटर्नल लव्ह' अशा मालिकांनी विरहाला सिंहासनावर बसवलं. या मालिका देखण्या होत्या, पण त्यांच्या प्रेमाचा स्वर प्रामुख्याने दुःखाचा राहिला. २०१९ च्या 'जॉय ऑफ लाइफ'मध्ये विनोद पुन्हा प्रेमाच्या वाटेवर आला. राजाज्ञेने ठरलेलं लग्न मोडू पाहणारा फान श्यान एका देवळात शिरतो. वेदीच्या कापडाआड एक मुलगी लपलेली असते आणि तिच्या हातात असते कोंबडीची तंगडी. आजारपणामुळे घरचे तिला असलं काही खाऊ देत नाहीत. तो तिच्यावर भाळतो, 'तंगडीवाली मुलगी' म्हणून तिला शोधत फिरतो आणि तिच्यासाठी राजाने ठरवलेली वधू नाकारत राहतो. ती वधू म्हणजे हीच मुलगी. इथे नायिकेची पहिली ओळख तोंडात घास असताना होते, आणि म्हणून ती लगेच आपली वाटते. याच मालिकेत नायकाच्या धाकट्या भावाचं काम ग्वो छीलिन या श्यांगशंगच्या कलावंताने केलं, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये चिनी प्रशासनाने मालिका ४० भागांच्या आत ठेवण्याची सूचना केली. त्याच वर्षी आलेली २४ भागांची 'द रोमान्स ऑफ टायगर अँड रोझ' आटोपशीरपणाचा उत्तम नमुना आहे. एक पटकथालेखिका स्वतःच्याच कथेत जाऊन पडते, तीही तिसऱ्या भागात मरणाऱ्या दुय्यम पात्राच्या रूपात. नगरी अशी, की तिथे बायका राज्य करतात आणि मुलग्यांना शील जपायला शिकवलं जातं. उलटा आरसा धरल्यावर आपल्या घरातल्या किती गोष्टी हास्यास्पद दिसतात, ते कळतं. झाओ लूसीची नायिका प्रत्येक वळणाला पुढचं कथानक ठाऊक असल्याच्या तोऱ्यात वागते आणि नायकाचं मन मात्र तिने लिहिलेल्या वाटेने जात नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये आलेली ३६ भागांची 'लव्ह बिट्वीन फेअरी अँड डेव्हिल' मला या प्रवासातला एक सुंदर टप्पा वाटते. दोंगफांग छिंगत्सांग हा तीस हजार वर्षं कैदेत असलेला महाबली अधिपती. लहानपणीच त्याच्यातल्या भावना उपटून टाकलेल्या. श्याओ लानह्वा या सामान्य ऑर्किडपरीच्या हातून तो चुकून सुटतो आणि दोघांचे देहच बदलतात. वांग हदीच्या करारी चेहऱ्यावर घाबरट मुलीचं मुसमुसणं आणि यू शूशिनच्या गोंडस चेहऱ्यावर त्याची जरब, हे पाहणं हा निव्वळ आनंद आहे. देह परत मिळतात, पण एक मंत्र मागे राहतो: तिला दुखलं की याला दुखतं, ती रडली की याच्या डोळ्यांतून पाणी येतं. बिचारा दरबारात बसलेला असताना गाल ओले होतात. स्वतःचा त्रास टाळण्यासाठी तो तिला हसतं ठेवू पाहतो आणि त्या खटाटोपात तिला काय आवडतं, काय खुपतं हे शिकत जातो. दुसऱ्याचं दुःख आपल्या अंगावर येणं म्हणजेच प्रेम, ही गोष्ट या मालिकेने उपदेशाचा एक शब्दही न बोलता हसवत सांगितली. म्हणूनच उत्तरार्धात हसू मावळतं तेव्हा ते रडणं उसनं वाटत नाही.

अर्थात सगळंच असं नाही. मनगट धरून ओढणारे गर्विष्ठ मालक, पाय घसरून नेमकं नायकाच्या मिठीत पडणं, मोबाइलच्या उभ्या पडद्यासाठी रतीबासारख्या निघणाऱ्या इवल्या मालिका, यांचा पूर मोठा आहे. तिथे हसू असतं, पण ते कुणाचाही रुबाब उतरवत नाही, आणि त्यामुळे प्रेमही वरवरचं राहतं.

ज्यांनी चिनी मालिका अजून पाहिलेल्या नाहीत, त्यांना माझा आग्रह एवढाच: सुरुवात 'फेअरी अँड डेव्हिल'ने करा, गोडी लागली की 'माय ओन स्वोर्ड्समन'कडे जा. उपशीर्षकं वाचायचे कष्ट घ्या, पण आवाज मूळचाच ऐका. त्या बोलण्याच्या चढउतारातच निम्मा विनोद आहे, आणि प्रेमही.