शंभर वर्षांत पाच प्रशिक्षक

न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचा पुरुषांचा लॅक्रॉस संघ १९१६ मध्ये उभा राहिला. तेव्हापासून आजतागायत त्याला मुख्य प्रशिक्षक लाभले ते फक्त पाच. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांवर पैसा आणि अब्रू दोन्ही लागलेली असते. दोन-तीन हंगाम वाईट गेले की प्रशिक्षकाच्या हातात नारळ. तिथे हा पाचाचा आकडा अजबच म्हणायचा. त्या पाचांत दोघे बापलेक, आणि शेवटचे चौघे याच संघातून खेळून वर आलेले.

खेळ आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. एका बाजूला दहा खेळाडू, प्रत्येकाच्या हातात टोकाला जाळी असलेली काठी, आणि घट्ट रबराचा चेंडू. तो जाळीत झेलायचा, पळवायचा आणि सहा फूट बाय सहा फुटांच्या गोलात मारायचा. शरीराने धक्का देणे कायदेशीर, काठीवर काठी मारणेही कायदेशीर. बचावपटूंच्या काठ्या सहा फुटांपर्यंत लांब असतात, पण अशा लांब काठ्या एका वेळी मैदानात चारच चालतात.

प्रशिक्षकांचे खरे काम या शेवटच्या नियमापासून सुरू होते. बदली खेळाडू पाठवायला इथे खेळ थांबवावा लागत नाही. चेंडू आपल्याकडून त्यांच्याकडे गेला की आक्रमणात तरबेज असलेले मधल्या फळीतले गडी पळत बाहेर येतात आणि बचावातले आत धावतात. हे सगळे मैदानाच्या कडेला आखलेल्या एका छोट्या चौकटीतून चालते. तिथे उभ्या असलेल्या सहायकाला एक क्षण उशीर झाला, तर समोरच्या संघाला एक माणूस मोकळा सापडतो. त्यात २०१९ पासून ऐंशी सेकंदांचे घड्याळ आले. चेंडू घेऊन वेळ काढायची सोय संपली आणि बाकावरचा आरडाओरडा वाढला.

म्हणून प्रशिक्षकांचा ताफा कामे वाटून घेतो. एक सहायक आक्रमण बघतो, एक बचाव. फेसऑफ (चेंडूच्या ताब्यासाठी मध्यभागी होणारी दोघांची झुंज) आणि गोलरक्षक यांची तालीम वेगळी. बचावाचा सगळा डोलारा बोलण्यावर उभा असतो. आपला गडी चकला तर मदतीला आधी कोणी सरकायचे, त्याने सोडलेला माणूस कोणी उचलायचा, हे चेंडू फिरत असतानाच ओरडून ठरते. मुकाट्याने खेळणारा बचावपटू कितीही दणकट असला तरी प्रशिक्षकाच्या कामाचा नाही. मैदानाबाहेर पोरे हेरणे हेही सहायकांचेच काम. एके काळी आठवी-नववीतली मुलेसुद्धा विद्यापीठांना तोंडी होकार देऊन बसत. अखेर २०१७ मध्ये नियम आला की मुलगा अकरावीत गेल्यावर, त्या वर्षीच्या १ सप्टेंबरनंतरच त्याच्याशी बोलायचे. ताफ्यातला एक जण तर वर्षानुवर्षे 'स्वयंसेवक' असायचा. काम इतरांइतकेच, पण विद्यापीठाकडून पगार नाही. ही पद्धत महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने जुलै २०२३ पासून मोडीत काढली. फार आधी मोडायला हवी होती.

सिरॅक्यूजमध्ये सुरुवात केली लॉरी कॉक्स यांनी. ते तिथल्या वनविद्या महाविद्यालयात प्राध्यापक. १९३१ मध्ये रॉय सिमन्स आले आणि १९७० पर्यंत राहिले. तेच मुष्टियुद्धही शिकवत, फुटबॉल संघाच्या सहायकांतही होते. त्यांचा १९५७ चा संघ एकही सामना हरला नाही. त्या संघात पुढे अमेरिकन फुटबॉलचा महानायक ठरलेला जिम ब्राउन होता, गोलात ओनोंडागा जमातीचे ओरेन लायन्स होते आणि प्रशिक्षकांचा मुलगा, धाकटे रॉय सिमन्सही होते.

हे धाकटे सिमन्स मला पाचांत सर्वांत मनोहर वाटतात. माणूस शिल्पकार, कोलाज करणारा. १९७१ ते १९९८ त्यांनी संघ सांभाळला आणि पोरांच्या हातातली कला मारली नाही. १९८३ च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाविरुद्ध ५-१२ असे मागे पडूनही संघ १७-१६ ने जिंकला. १९८८ च्या उपांत्य सामन्यात कॅनडाहून आलेल्या गॅरी गेटने गोलामागून उडी मारली आणि आडव्या दांड्यावरून चेंडू खाली आत कोंबला. एकदा नव्हे, दोनदा. पुढे नियमानेच ती उडी बंद करावी लागली. घरगुती वातावरणाची किंमतही मोजावी लागली. प्रशिक्षकांच्या पत्नीने एका खेळाडूच्या गाडीच्या कर्जावर सही केली होती. ते उघड झाल्यावर एनसीएएने १९९० चे विजेतेपद रद्द केले. विद्यापीठ ते अजून मोजते.

जॉन डेस्को हे सिमन्स यांचे जवळपास वीस वर्षे सहायक. १९९९ मध्ये गादीवर आले आणि पाच विजेतेपदे मिळवून गेले. शेवटचे २००९ चे. कॉर्नेलविरुद्ध साडेचार सेकंद उरले असताना बरोबरीचा गोल झाला आणि जादा वेळेत मोहॉक खेळाडू कोडी जेमिसनने सामना जिंकून दिला. त्यानंतर मात्र ओहोटी लागली. २०१३ ची अंतिम फेरी हरल्यावर डेस्को यांच्या काळात संघ पुन्हा उपांत्य फेरीतही पोचला नाही.

घरातलाच माणूस घरातल्यांना शिकवत राहिला की दोष दिसेनासे होतात. २०२१ मध्ये प्रमुखपदी पुन्हा घरचाच गॅरी गेट आला, पण त्याने बचावासाठी आणला तो डेव्ह पिएट्रामाला. हा माणूस वीस वर्षे हॉपकिन्सचा मुख्य प्रशिक्षक, म्हणजे जन्माच्या वैऱ्याच्या वाड्यातला. पहिल्या हंगामात चार विजय आणि दहा पराभव पदरी पडले. तरी गेटला काढले नाही, आणि २०२५ मध्ये संघ पुन्हा उपांत्य फेरीत दिसला. परंपरेचे कौतुक करताना हा बाहेरचा हात विसरू नये.

आणखी एक गोष्ट खटकते. लॅक्रॉस मुळात इथल्या मूलनिवासी होडेनोशोनी लोकांचा. त्यांच्यातल्या ओनोंडागांची भूमी सिरॅक्यूज शहराला लागून दक्षिणेला आहे. त्यांच्या पोरांनी या संघासाठी गोल अडवले आणि मारले, पण मुख्य प्रशिक्षकांच्या पाच नावांत त्यांचे एकही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनाने क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत घेतले. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत होडेनोशोनींच्या संघाने स्वतःच्या झेंड्याखाली कांस्यपदक मिळवले होते. ऑलिंपिकमध्ये मात्र मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिंपिक समिती असल्याशिवाय कोणाला उतरता येत नाही, आणि त्यांच्याकडे ती नाही.