थांबलेल्यांच्या यादीत नसलेले नाव

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते. महाडमध्ये पाणी चढणार की नाही हे वरच्या डोंगरात किती कोसळते त्यावर ठरते, आणि खाडीला त्याच वेळी भरती असेल तर उतरायला वाटच राहत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. जुलै 2021 च्या पुरात बाजारपेठ बुडाली. तेव्हापासून आम्हा काही जणांच्या मनात होते की पोलादपूरच्या बाजूला पाण्याची पातळी मोजून खाली कळवणारे एक यंत्र आपणच जुळवून पाहावे. लिनक्सवर चालणारा तळहाताएवढा बोर्ड, पाण्यापर्यंतचे अंतर मोजणारा सेन्सर, मोडेम आणि बॅटरी, एवढाच पसारा.

महाडच्या घरी टेबलावर बोर्ड सुरू केला. मोडेम जागे झाले, घड्याळ लागले. सेन्सर मात्र नाही, आणि खोक्यावरचा हिरवा दिवाही नाही. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या नोंदींत चूक म्हणावी अशी एकही ओळ दिसेना. या कामात अशी शांतता फार वेळ खाते.

कर्नल सुरू होताना आत काय घडते ते आधी सांगतो. बोर्डावर कोणकोणती उपकरणे आहेत, कोणाला वीज कुठून मिळते, कोणाची पिन कोणाला जोडली आहे, हे सगळे डिव्हाइस ट्री नावाच्या वर्णनात लिहिलेले असते. कर्नल प्रत्येक उपकरणाला जुळणारा ड्रायव्हर शोधतो आणि त्याचे प्रोब हे फंक्शन चालवतो. पण सेन्सरचा ड्रायव्हर आधी आला आणि त्याला वीज देणारा रेग्युलेटर अजून तयारच नसला तर? पूर्वी ड्रायव्हरांचा क्रम हाताने पुढेमागे करून हे भागवत. 2012 मध्ये ग्रँट लाइक्ली यांनी केलेली सोय 3.4 या आवृत्तीत आली: ड्रायव्हरने ‘आत्ता नाही, नंतर’ असे सांगायचे, म्हणजे उणे 517 हा आकडा परत करायचा. कर्नल त्या उपकरणाला थांबलेल्यांच्या यादीत टाकतो आणि दुसरे कुठलेही उपकरण जोडले गेले की यादीतल्यांना पुन्हा संधी देतो. पुढे सरवणा कन्नन यांच्या कामामुळे कर्नल डिव्हाइस ट्रीतले दुवे स्वतःच वाचू लागला. पुरवठादार तयार नसेल तर ग्राहकाचे प्रोब तो बोलावतच नाही.

आमच्याकडची शांतता इथूनच आली होती. सेन्सरच्या ड्रायव्हरला कोणी हाकच मारली नव्हती, मग तो तक्रार कुठून करणार?

कर्नलच्या डीबगच्या फाइलप्रणालीत ‘डिव्हायसेस डिफर्ड’ नावाची फाइल असते. ती उघडली की कोण थांबले आहे आणि कशासाठी, हे दिसते. आमच्या यादीत सेन्सर होता, त्याचा रेग्युलेटर होता आणि तो हिरवा दिवाही होता. सेन्सर रेग्युलेटरसाठी थांबला होता. बॅटरी वाचावी म्हणून सेन्सरची वीज मोजण्यापुरतीच चालू करायची होती, आणि बोर्डाच्या स्वतःच्या पिना संपल्यामुळे ती चालू-बंद करणारे बटण जीपीआयओ एक्स्पांडर या वेगळ्या चिपच्या पिनेवर होते. म्हणून रेग्युलेटर एक्स्पांडरसाठी थांबला होता. दिवाही त्याच चिपवर. दोन्ही वाटा एक्स्पांडरपाशी येऊन मिळाल्या, आणि एक्स्पांडरचे नाव यादीत कुठेच नव्हते.

माझ्या मते या कामातली सगळ्यात मोलाची खूण हीच. यादीत जो आहे तो वाट पाहतो आहे. ज्याच्यामुळे सगळे अडले तो बहुधा यादीत नसतोच, कारण तो कोणाची वाट पाहत नाही. एसटीच्या फलाटावर ताटकळलेल्यांना विचारून गाडी का सुटली नाही ते कळत नाही, त्यासाठी डेपोतच जावे लागते. एक्स्पांडरच्या नोंदीपाशी गेलो. उपकरण म्हणून कर्नलला तो माहीत होता, पण त्याच्या डिरेक्टरीत ‘ड्रायव्हर’ नावाचा दुवा नव्हता. म्हणजे ड्रायव्हर जोडलाच गेला नव्हता. कर्नलच्या रचनेत तो ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे वेगळ्या फाइलीतून चढवण्यासाठी, निवडलेला होता, आणि बोर्डासाठी तयार मिळालेल्या मेमरी कार्डावर त्या मॉड्यूलची फाइलच नव्हती.

ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये बांधून घेतला. पुढच्या बूटला एक्स्पांडर जोडला गेला, मागोमाग रेग्युलेटर, मग सेन्सर. दिवाही लागला. थांबलेल्यांची यादी रिकामी झाली.

अशा वेळी ड्रायव्हरमध्ये थोडा विलंब घालावा किंवा त्याचा सुरू होण्याचा क्रम मागे ढकलावा, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो साफ चुकीचा वाटतो. इथे तर कितीही थांबून उपयोग नव्हता. आणि जिथे विलंबाने काम झाल्यासारखे दिसते, तिथेही दोष तसाच राहतो. तो पुढे नदीवर, ऐन पावसात, वीज जाऊन परत आल्यावर उघडा पडतो, जेव्हा तिथे कोणी पोचू शकत नाही.

महाड-पोलादपूरची जी मुले असे बोर्ड जुळवत आहेत त्यांना एक विनंती आहे. मदत मागताना फक्त न चालणाऱ्या सेन्सरचे नाव कळवू नका. थांबलेल्यांची पूर्ण यादी, डिव्हाइस ट्री आणि कर्नलची रचना ही तिन्ही पहिल्याच निरोपात पाठवा. आणि बोर्ड पुलावर नेण्याआधी त्याची वीज पूर्ण तोडून, पुन्हा जोडून, ती यादी दरवेळी रिकामी होते का ते तपासा.