लसूण व त्यातील नैसर्गिक संयुगांचे संभाव्य कर्करोगविरोधी गुणधर्म : एक आढावा

प्रस्तावना :
महाराष्ट्राच्या आहारात लसणाला महत्त्वाचे स्थान आहे. भाकरीसोबतची चटणी असो वा वरणाची फोडणी, लसणाशिवाय अनेक घरांतील जेवण पूर्ण होत नाही. आयुर्वेदात लसणास 'रसोन' असे म्हटले जाते. सहा रसांपैकी केवळ आम्ल रस त्यात उणा आहे, असा या नावाचा अर्थ सांगितला जातो. लसणाने कर्करोग बरा होतो, असा समजही समाजात आढळतो. या समजापोटी रुग्णाने उपचार लांबणीवर टाकले तर ते जिवावर बेतू शकते. म्हणूनच यासंबंधी विज्ञानाने नेमके काय सिद्ध केले आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

लसणातील रासायनिक घटक :
अखंड पाकळीला फारसा उग्र वास नसतो. तिच्यातील ॲलिइन हे गंधकयुक्त संयुग आणि ॲलिनेज हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत साठवलेले असतात. पाकळी ठेचली की ती एकत्र येतात व ॲलिसिन तयार होते. चेस्टर कॅव्हॅलिटो व जॉन बेली या अमेरिकन संशोधकांनी १९४४ मध्ये ॲलिसिन वेगळे केले. ॲलिसिन अस्थिर असून त्यापासून डायअलिल सल्फाइड, डायअलिल डायसल्फाइड, डायअलिल ट्रायसल्फाइड, अजोईन इत्यादी संयुगे निर्माण होतात. दीर्घकाळ मुरवलेल्या लसणाच्या अर्कात मात्र एस-अलिल सिस्टीन हे पाण्यात विरघळणारे संयुग प्रमुख असते.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष :
या संयुगांचे कार्य मुख्यतः तीन प्रकारे चालते. पहिले म्हणजे, काही रसायने यकृतातील विकरांमुळे कर्करोगकारक बनतात. डायअलिल सल्फाइड अशा एका विकराला अटकाव करते, तर इतर काही संयुगे विषारी द्रव्ये बाहेर टाकणाऱ्या विकरांचे प्रमाण वाढवतात. दुसरे म्हणजे, डायअलिल ट्रायसल्फाइडसारखी संयुगे कर्कपेशींचे विभाजन थांबवून त्यांना नियोजित पेशीमृत्यूकडे नेतात. तिसरे म्हणजे, जठराच्या कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची वाढ काचपात्रात लसणाच्या अर्कामुळे रोखली जाते. परंतु काचपात्रातील पेशींना मिळणारी मात्रा आहारातून शरीरातील पेशींपर्यंत पोहोचतेच असे नाही. कच्चा लसूण खाल्ल्यानंतरही रक्तात ॲलिसिन आढळत नाही, ही बाब येथे लक्षात घ्यावी लागते.

मानवी अभ्यास :
चीनच्या शानडोंग प्रांतातील लिंछू हा जठराच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असलेला भाग होय. तेथील १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लसूण, कांदा, पात इत्यादी अधिक खाणाऱ्यांत हा रोग कमी आढळला. अमेरिकेतील आयोवा राज्यात ४१,८३७ स्त्रियांच्या समूहावर आधारित १९९४ च्या अभ्यासातही लसूण खाणाऱ्या स्त्रियांत मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी दिसून आला. तथापि लसूण खाणाऱ्यांच्या आहारविहारातील इतर बाबीही भिन्न असू शकतात. त्यामुळे अशा निरीक्षणांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

म्हणून लिंछू येथेच १९९५ मध्ये ३,३६५ व्यक्तींवर प्रत्यक्ष चाचणी सुरू झाली. काहींना सुमारे सात वर्षे लसणाचा अर्क व तेल देण्यात आले, तर जिवाणूसंसर्ग असलेल्या काहींना केवळ दोन आठवडे प्रतिजैविकाचा उपचार देण्यात आला. २००६ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत लसणाचा लाभ दिसला नाही. बावीस वर्षांहून अधिक काळच्या पाठपुराव्यानंतर २०१९ मध्ये असे आढळले, की लसूण घेणाऱ्या गटात जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. परंतु रोग होण्याच्या प्रमाणातील घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाली नाही. याउलट, दोन आठवड्यांच्या जिवाणूविरोधी उपचाराने रोग होण्याची शक्यता निम्म्यावर आली व मृत्यूही घटले.

आहारातील उपयोग व दक्षता :
लसूण ठेचताच फोडणीत टाकल्यास उष्णतेने ॲलिनेज निष्क्रिय होते. उंदरांवरील २००१ च्या एका अभ्यासात, ठेचलेला लसूण दहा मिनिटे तसाच ठेवून मग गरम केल्यास त्याचे संरक्षक गुण बऱ्याच अंशी टिकून राहिल्याचे दिसले. घरगुती स्वयंपाकात हा नियम सहज पाळता येईल. मात्र अर्काच्या गोळ्या किंवा अतिरिक्त प्रमाणातील लसूण यामुळे रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते. त्यामुळे रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी व शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णांनी डॉक्टरांना त्याची कल्पना देणे अगत्याचे आहे.

समारोप :
लसणातील गंधकयुक्त संयुगांचे कर्करोगविरोधी गुण प्रयोगशाळेत स्पष्ट दिसतात, परंतु मानवी पुरावा अद्याप मर्यादित व संमिश्र आहे. जो थोडा लाभ सूचित होतो, तो प्रतिबंधापुरता आहे; झालेला कर्करोग लसणाने बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. लसणाचे स्थान ताटात आहे, औषधोपचाराच्या जागी नाही. वेळेवर निदान व योग्य उपचार यांना पर्याय नाही, हेच या विवेचनाचे सार होय.