ब्रह्मकमळ नावाचा निवडुंग

घरात काटेरी झाड नको, निवडुंग तर नकोच, असं आपल्याकडे बहुतेक घरांत ऐकायला मिळतं. गंमत म्हणजे हे कसोशीने पाळणाऱ्या कितीतरी घरांच्या गॅलरीत एक निवडुंग सुखाने नांदत असतो आणि फुलला की त्याला हळदकुंकूही वाहिलं जातं. आपण त्याला ब्रह्मकमळ म्हणतो.

खरं ब्रह्मकमळ वेगळं. ते हिमालयात चार हजार मीटरच्या आसपास उगवतं, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे आणि उत्तराखंडाचं राज्यफूल आहे. इंदूरच्या कुंडीत ते यायचं नाही. आपल्या कुंडीत असतो तो मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा निवडुंग, एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. तिकडच्या दमट जंगलांत तो मोठ्या झाडांच्या बेचक्यांत, साठलेल्या पालापाचोळ्यावर वाढतो. एवढं लक्षात ठेवलं की त्याची निम्मी निगा कळली. तो वाळवंटातला नाही, म्हणून भर दुपारचं ऊन नको. झाडावर राहणारा आहे, म्हणून मुळाशी चिखल नको. आणि पानाला फूल येतं म्हणून आपण जे नवल करतो, ती मुळात पानं नाहीतच, चपटी झालेली खोडं आहेत. त्यांच्या काठावरच्या खाचेतून कळी निघते.

आमच्याकडे तो सासूबाईंच्या वाड्यातून आला. राजवाड्याजवळचा तो वाडा विकायचा ठरला, तेव्हा देव्हारा, तांब्याचं घंगाळ, पाटवरवंटा, सगळ्याची वाटणी झाली. हौदाजवळचं ब्रह्मकमळ मात्र कोणी मागितलं नाही. मोठ्या जाऊबाईंनी मोबाइलवर वाचलं होतं, की हा निवडुंगच. म्हणून नव्या फ्लॅटमध्ये नको. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, "चार पानं कापून घे गं."

वीतभर लांबीचे तुकडे त्यांनी माझ्याकडून कापून घेतले आणि पाच-सहा दिवस सावलीत नुसते ठेवायला लावले. कापलेली कड सुकली नाही तर ती मातीत सडते. मग खालचं टोक खालीच ठेवून दोन बोटं खोल खोवले. माती म्हणाल तर आपली माळव्याची काळी माती याला बिलकूल चालत नाही, ती पाणी धरून ठेवते. थोडी लाल माती, जाड वाळू, कुजलेला पालापाचोळा आणि नारळाच्या शेंड्यांचे तुकडे एवढं पुरतं.

तिसऱ्या वर्षी आषाढात पहिली कळी आली. सासूबाईंनी स्वतः जाऊबाईंना फोन केला, "रात्री जेवायलाच या, उशीर होईल." साडेआठला पाकळ्या सैल व्हायला लागल्या, बाराच्या सुमारास फूल पूर्ण उमललं आणि गॅलरीभर वास सुटला. निवडुंगाचा विषय कोणीच काढला नाही. निघताना जाऊबाईंनी हळूच एक पिशवी मागितली.

मे महिन्यात आमची कुंडी हिरव्या जाळीखाली असते. ऊन जास्त झालं की खोडं पिवळी, तांबूस पडतात. सकाळचं कोवळं ऊन मात्र हवंच; अंधाऱ्या कोपऱ्यात नुसत्या लांबलचक काड्या फुटतात. उन्हाळ्यात वरची माती सुकली की पाणी, पावसाळ्यात बशी काढून टाकायची, थंडीत दहा-बारा दिवसांतून एकदा पुरे. झाड दाटलं म्हणून लगेच मोठी कुंडी देऊ नका. मुळं जरा आवळलेली असली तर हे जास्त फुलतं. युरियाचा मोहही टाळा, खोडंच माजतात. कापसासारखा पांढरा ढेकण्या दिसला तर कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढायचा.

कळी दिसल्यावर कुंडीची जागा बदलू नका, कळ्या गळतात. तीन-चार आठवडे ती लोंबत राहते. मग मान वर उचलून फुगली, की त्या रात्री नाहीतर दुसऱ्या रात्री फूल. शेजाऱ्यांना संध्याकाळीच सांगून ठेवा. सकाळी चहाला बोलवाल, तोवर त्याने मान टाकलेली असते.